उष्टा नान

"गडदे, मी मराठीत जे बोलेन तेवढंच त्यांच्या भाषेत सांगायचं. स्वतःचं डोकं लावायचं नाही."

बोरसे साहेब गेटच्या आत उभे राहून मला हे सांगत होते, आणि बाहेरून कोणीतरी गेटच्या पत्र्यावर तळहात आपटत होतं. मुठीनं आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. तळहाताचा आवाज सपाट येतो आणि थांबत नाही.

"किती जण आहेत?" मी विचारलं.

"गल्ली भरलीये."

मी तेव्हा उझबेकिस्तानात होतो. फरगाना खोऱ्यातलं एक गाव. तिथं खासगी मेडिकल कॉलेज निघालं होतं आणि आपल्याकडची पोरं डॉक्टर व्हायला तिथं यायची. कॉलेजात इंग्रजी चालायचं, पण पेशंट काही इंग्रजीत कण्हत नाही. म्हणून पहिल्या वर्षाच्या पोरांना रशियन आणि कामापुरती उझबेक शिकवायला मला ठेवलेलं. मी भाषा कुठं रीतसर शिकलेलो नाही. रशियन आमच्या सेनगावात मोबाईलवर शिकलो, उझबेक तिथल्या बाजारात भाजी घेता घेता. बोरसे साहेब म्हणजे महाराष्ट्रातून पोरं नेणारे कॉन्ट्रॅक्टर. हॉस्टेल त्यांनी भाड्यानं घेतलेलं. माझी नोकरी, माझा व्हिसा, माझी खोली, सगळं त्यांच्या शब्दावर.

भांडण एका रीलवरून पेटलं होतं.

आदल्या दिवशी पोरं हॉस्टेलच्या अंगणात क्रिकेट खेळली. स्टंप नव्हते. मग शंतनू घुलेनं कुठून तरी तीन वाळलेले नान आणले आणि तुतीच्या झाडामागच्या भिंतीला ओळीनं टेकवून उभे केले. तिथला नान म्हणजे आपल्या हॉटेलातला लुसलुशीत नान नाही. गोल, जाड काठाचा, मधोमध ठसा उमटवलेला, आणि वाळला की लाकूड. शंतनूनं बॉल टाकला, मधला नान फुटून उडाला, पुढच्या दोन बॉलांत बाकीचेही फुटले, पोरांनी नाचून धिंगाणा घातला, एकानं त्याचं शूटिंग केलं, खाली लिहिलं 'क्लीन बोल्ड', आणि टाकलं. आज दुपारपर्यंत ते अख्ख्या मोहल्ल्यानं बघितलं होतं.

त्या लोकांत नानला फार मान. उलटा ठेवत नाहीत. खाली पडला तर उचलून कपाळाला लावतात. हे मला माहीत होतं, पोरांनाही मी सांगितलं होतं. म्हणून मला वाटलं, राग तेवढ्याचाच आहे.

"शंतनू कुठाय?" मी विचारलं.

"वर कोंडून ठेवलाय," बोरसे म्हणाले. "खाली आणायचा नाही. कॉलेजवाले म्हणतात, मोहल्ल्याची तक्रार गेली तर पोराचं नाव काढू. एकाचं नाव गेलं की पुढच्या वर्षी मला एक पोरगं मिळणार नाही. समजतंय ना?"

"मग त्यांना सांगू काय?"

"सांग, पुठ्ठा होता. शूटिंगसाठी पुठ्ठ्याचे नान केले होते."

मी त्यांच्याकडं बघत राहिलो.

"बघतो काय? कोण तपासणारे? तुकडे कुठं आहेत आता?"

गेट उघडलं. आधी आत आला तो शेरझोद, शेजारच्या टायरच्या दुकानातला. माझ्याच वयाचा. रोज संध्याकाळी मला हाक मारून 'उस्तोज, एक हिंदी गाणं' म्हणणारा. उस्तोज म्हणजे गुरुजी, आपला उस्तादच. आज त्यानं मला हाक मारली नाही. त्याच्या मागं एर्गाश ओता, मोहल्ल्यातले सगळ्यात वडीलधारे. ओता म्हणजे बाबा. पांढरी दाढी, डोक्यावर चौकोनी टोपी, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. मागोमाग बाकीचे. अंगण भरलं, आणि आवाज मात्र एकदम कमी झाला. ते मला जास्त भीतीचं वाटलं.

स्वयंपाकघराच्या पायरीवर साओदत ओपा बसली होती. ओपा म्हणजे मोठी बहीण. ती आमच्या हॉस्टेलचा स्वयंपाक बघायची, त्याच मोहल्ल्यातली. पोरांवर सतत ओरडायची. चपला नीट लावा, भात टाकू नका, केस कापा. आज ती मान खाली घालून बसलेली. सकाळी मी चहा घ्यायला गेलो तेव्हा ती स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात भिंतीकडं तोंड करून उभी होती. मी म्हटलं, ओपा, चुना मारायचा विचार आहे का? ती तशीच आत निघून गेली होती.

एर्गाश ओता अंगणातल्या लाकडी चौथऱ्यावर बसले. फडकं सोडलं. आत ताजा नान होता, अजून वाफ धरलेला. तो त्यांनी समोर ठेवला, सरळ, ठसा वर.

"पोरगा कुठाय?" त्यांनी मला विचारलं.

मी मराठीत सांगितलं. बोरसे म्हणाले, "म्हण, आजारी आहे."

तेवढ्यात शंतनू जिन्यावरून उतरला. कोंडलेल्या खोलीची खिडकी जिन्याकडंच उघडायची, हे बोरसेंच्या लक्षात राहिलं नव्हतं. नेवाशाचं पोरगं, हडकुळं, वर्गात सगळ्यात कच्चं. त्या अख्ख्या महिन्यात त्याला उझबेकचं एकच वाक्य पूर्ण पाठ झालं होतं.

"सर, मीच केलंय," तो म्हणाला. "बाकीच्यांना कशाला."

"गप, मूर्खा," बोरसे दातांतून म्हणाले. चेहरा मात्र हसरा ठेवला. "गडदे, सुरू कर. पुठ्ठा."

एर्गाश ओतांनी विचारलं, "भिंतीला काय उभं केलं होतं?"

हा प्रश्न मी मराठीत केलाच नाही. तो सगळ्यांना कळला होता.

"सांग," बोरसे म्हणाले.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात म्हाताऱ्यानं हात वर केला. "थांब. तू आमची भाषा बोलतोस. ह्या लोकांचं सगळं आमच्याकडं तुझ्या तोंडातून येतं. ह्याच्यावर हात ठेव आणि सांग."

आणि त्यानं नान माझ्याकडं सरकवला.

ही तिथली शपथ. खोटं बोललो तर हा नान मला मारो, असं म्हणतात. बाजारात दोन माणसं भावावरून भांडतानासुद्धा म्हणतात, पण तेव्हा ते हवेत असतं. असं समोर ताजा नान ठेवून कोणी म्हणताना मी पाहिलं नव्हतं.

"काय म्हणतोय?" बोरसेंनी विचारलं.

"नानवर हात ठेवून बोल म्हणतात."

"मग ठेव ना. नान आहे, साप नाही."

मी हात पुढं केला. नान गरम होता. आणि मला काय आठवावं, तर आमच्या आईची टोपली. आम्ही दोघं भाऊ खोटं बोलतोय असा संशय आला की ती टोपलीतली भाकरी काढून समोर ठेवायची. 'ठिव हात. अन् आता बोल.' मारायची नाही, ओरडायची नाही. सेनगावात मी कितीतरी गोष्टींबद्दल खोटं बोललो असेन, भाकरीवर हात ठेवून एकदाही बोललो नाही. जमायचंच नाही. हात तापायचा.

"गडदे," बोरसे हळू आवाजात म्हणाले, "तुझा व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय. विसरला नाहीस ना?"

"नाही साहेब."

"ह्या पोराचा बाप रोज फोन करतो मला. माझं पोरगं डॉक्टर होऊन येईल ना, म्हणून विचारतो. नान म्हणालास तर पोरगं उद्या विमानात. तुझ्या एका शब्दावर आहे. बोल आता."

हे खरं होतं. म्हणूनच अवघड होतं. ते नुसतं माझ्यापुरतं असतं तर मी कदाचित खरं पटकन बोलून गेलो असतो. मी शंतनूकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत होता, वर्गात उत्तर येत नसलं की बघायचा तसा.

मी म्हटलं, "नॉन एदी."

नान होता.

गर्दीतून एक श्वास सुटल्यासारखा आवाज आला. बोरसेंनी माझं कोपर धरलं. "तू नॉन म्हणालास. तेवढं मला कळतं, गडदे. तेवढं कळतं मला."

शेरझोदनं दोन ढांगांत शंतनूची कॉलर धरली. पोरगं भिंतीला टेकलं, बरोबर तिथंच, जिथं नान उभे केले होते. मी मध्ये घुसलो. शेरझोदचा हात माझ्या छातीवर आला, पण नजर माझ्यावर नव्हती, स्वयंपाकघराच्या बोळाकडं होती. पुठ्ठा-नानाच्या भांडणात तिकडं बघायचं काय कारण? काहीतरी वेगळं होतं आणि ते मला माहीत नव्हतं.

"सोड," एर्गाश ओता म्हणाले. मग मला, "नान होता. आता सांग, कोणाचा होता?"

"कोणाचा म्हणजे?"

"पोराला विचार."

मी शंतनूला विचारलं. "ते नान आणलेस कुठून?"

"सर, दुकानातले नव्हते."

"ते विचारत नाही. कुठून आणलेस?"

"स्वयंपाकघराच्या बाहेर बोळ आहे ना, तिथं भिंतीला तीन खिळे आहेत. त्याला अडकवलेले होते. दोऱ्यानं." त्याचा आवाज चिरकत होता. "सर, ते उष्टे होते. प्रत्येकाला एक एक घास घेतलेला. वाळून पार दगड झालेले. आपल्याकडं उष्टं कोणी भिंतीला लावून ठेवतं का? मला वाटलं, टाकायचे राहिलेत."

उष्टं. हा शब्द मला उझबेकमध्ये येत नव्हता. मी सांगितलं, खिळ्यावरून काढले. प्रत्येकाला एक घास घेतलेला होता. ह्याला वाटलं, कोणालाच नको आहेत.

शेरझोदनं कॉलर सोडली.

मग पायरीवरून साओदत ओपाचा आवाज आला. ती मान वर न करता बोलत होती.

"माझा इल्योस गेला ना रशियाला. इमारतींच्या कामावर. तो, शेरझोदचा भाऊ, आणि ओतांचा नातू. तिघं एका गाडीत गेले. आमच्यात लांब जाणाऱ्याला दारातून निघताना नानचा एक घास खायला लावतात. उरलेला नान टांगून ठेवायचा. त्याचा आहे तो. त्यानं येऊन संपवायचा. तोवर दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही." ती थांबली. "नान मी इथल्याच भट्टीत भाजले होते, म्हणून इथंच बोळात टांगले. सहा आठवडे झाले, तिघांचेही फोन लागत नाहीत."

मी हे मराठीत सांगायला लागलो. अर्ध्यात मला शब्द सुचेनात. शेवटी म्हटलं, "शंतनू, ते परत येणार आहेत म्हणून ठेवलेले होते. गेलेल्या पोरांचे."

तो खाली बसला. बसलाच. मग उठला आणि जिन्यानं वर पळाला.

"पळाला," कोणीतरी म्हणालं.

"नाही पळणार," मी म्हटलं. खरं तर मलाही खात्री नव्हती. बोरसेंनी डोक्याला हात लावला होता.

तो परत आला तेव्हा त्यानं टी-शर्टची झोळी करून धरली होती. त्यात तुकडे होते. "सर, मी टाकले नाहीत," तो म्हणाला. "पायाखाली येत होते म्हणून सगळे वेचून खिडकीत ठेवले होते. पाखरांना. घरी आई तसंच करायला लावते, अन्न तुडवायचं नाही म्हणते. अजून पाखरांनी खाल्ले नाहीत. लई कडक आहेत."

त्यानं ते चौथऱ्यावर, ताज्या नानाच्या शेजारी, एकेक करून मांडले. मांडताना एक खाली पडला. त्यानं तो उचलला, कपाळाला लावला आणि ठेवला. विचार न करता, आपण करतो तसं.

शेरझोद ते बघत होता. "म्हणजे ह्याला कळतं की," तो म्हणाला. "कळून फोडले."

हे मी मराठीत सांगितलं नाही. त्या दिवसात तेवढं एकच वाक्य मी गिळलं.

एर्गाश ओता तुकड्यांवर वाकले. "आता कोणाचा कुठला, कोण सांगणार."

साओदत ओपा पायरीवरून उठली. आली, तुकड्यांवर एकदा नजर फिरवली आणि एक उचलला. घास घेतलेल्या काठाचा. इल्योसच्या दोन दातांच्या मध्ये फट असणार, ती त्या काठावर तशीच उठलेली. "हा माझा," ती म्हणाली, आणि ओढणीच्या टोकात बांधला.

शंतनू तिच्यासमोर उभा होता. त्याला माफी मागायची होती, ते दिसत होतं. पण माफीचा धडा आम्ही अजून घेतलाच नव्हता. पुस्तकात तो पुढं होता. ओठ हलले, मग जे एकच पूर्ण वाक्य त्याला येत होतं ते बाहेर पडलं. हॉस्पिटलच्या धड्यातलं.

"तुम्हाला कुठं दुखतंय?"

उच्चार अगदी बरोबर. मी महिनाभर डोकं फोडलं होतं त्याच्यासाठी.

गर्दीत कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. साओदत ओपानं त्याच्याकडं पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदा कोणाकडं तरी पाहिलं असेल.

"सगळीकडं," ती म्हणाली. मग नेहमीच्या आवाजात, "केस काप आधी. डॉक्टर असा असतो का?"

एर्गाश ओतांनी ताजा नान मोडला. पहिला तुकडा तिला दिला, दुसरा शेरझोदला. शेरझोदनं बराच वेळ घेतला नाही. म्हाताऱ्यानं हात तसाच पुढं धरून ठेवला. शेवटी त्यानं घेतला, पण खाल्ला नाही, खिशात ठेवला. मग शंतनूला, मग मला. बोरसेंनाही दिला. ते "थँक यू, थँक यू" म्हणत हसत होते.

निघताना ओता माझ्यापाशी थांबले.

"नान होता हे आम्हाला माहीत होतं, उस्तोज. खिळे रिकामे होते, ते काय दिसत नाही?"

"मग मला हात ठेवायला का लावला?"

"ती पोरं काय बोलतात, हे आम्हाला कधीच कळणार नाही. ती खातात, हसतात, आमच्या म्हाताऱ्यांना उद्या सुया टोचतील. मध्ये तू एकटा. नान खरा का खोटा, हे मला बघायचं नव्हतं."

तक्रार गेली नाही. शंतनूचं नाव राहिलं.

माझं राहिलं नाही. बोरसेंनी ओरडाआरडा केला नाही, ते माणूस म्हणून वाईट नव्हते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहा पाजला. म्हणाले, "निवृत्ती, तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. पण मला असा माणूस लागतो की मी पुठ्ठा म्हटलं की पुठ्ठा. आज सुटलो. रोज सुटणार का?"

"नाही सुटणार, साहेब."

"मग?"

"मग काय. जातो."

व्हिसा वाढवला गेला नाही. अल्माटीला एका भाषेच्या क्लासमध्ये ओळखीनं काम लागत होतं, तिकडं निघालो. सकाळी टॅक्सी गेटवर आली तर साओदत ओपा बोळात उभी, हातात नान. भट्टीतून नुकताच काढलेला.

"खा."

"ओपा, मी काय तुमच्या मोहल्ल्यातला नाही."

"बडबड नको. ड्रायव्हर थांबणार नाही."

मी घास घेतला. मोठाच घेतला, तोंड भाजलं. तिनं उरलेला नान माझ्या हातातून घेतला, मधून दोरा ओवला. खिळे तीनच होते, तिन्हींवर आता फडक्याच्या पुरचुंड्या होत्या, तुकड्यांच्या. शंतनू कुठून तरी दगड आणि खिळा घेऊन आला आणि चौथा ठोकला. केस कापलेले होते त्यानं.

"आता हा कोणी काढला तर?" मी म्हटलं.

"सर, हात तोडीन."

त्यानंतर मी अल्माटीत राहिलो, मग तुर्कस्तानात एका हॉटेलच्या वेटरांना इंग्रजी शिकवलं, आता जॉर्जियात समुद्राकाठी एका गावात आहे. दर ठिकाणी नवी लिपी, नवी खोली, तोच पहिला धडा. माझं नाव हे, तुमचं नाव काय. फरगानाला परत जायचं म्हणतो आणि दरवर्षी काहीतरी आडवं येतं.

परवा शंतनूचा मेसेज आला. शेवटचं वर्ष चाललंय त्याचं, तिथल्याच हॉस्पिटलात. उझबेक आता माझ्यापेक्षा चांगली बोलतो.

'सर, इल्योस आला काल. बाकीचे दोघं मागच्याच हिवाळ्यात आलेले, सांगितलं होतं ना. ओपानं पुरचुंडी सोडली. चहात भिजवून भिजवून खाल्ला त्यानं. अर्धा तास लागला. सगळे बघत बसलेले. आता भिंतीवर तुमचा एकटाच आहे.'

मी लिहिलं, 'कसा आहे? मुंग्या लागल्या असतील.'

'नाही सर. दगड झालाय. यॉर्कर टाकला तरी फुटायचा नाही.'

मी त्यावर काय लिहावं म्हणून बसून होतो, तेवढ्यात अजून एक आला.

'ओपा विचारतीये, तुमचे दात शाबूत आहेत ना अजून?'